पित्त नव्हे, ही दुसरीच सूज

गेल्या भागात वसमतच्या हळदीच्या हंगामाविषयी लिहिलं होतं. हळद पॉलिश करताना उडणाऱ्या धुळीने शिंका येतात, काहींचा दमा उसळतो. आजचा विषय असलेली सूज, म्हणजे आनुवंशिक अँजिओएडिमा, वरवर ॲलर्जीसारखीच दिसते, पण ती ॲलर्जी नाही. या फरकावर जीव अवलंबून असतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

अंगावर पित्त उठतं तेव्हा गांधी येतात, खाज सुटते. ते काम हिस्टामिनचं. सेटिरिझिनची गोळी घेतली की बहुधा उतार पडतो. आनुवंशिक अँजिओएडिमात ओठ, पापण्या, हात किंवा पाय फुगतात, पण खाज नाही, गांधी नाहीत. सूज तासातासाने चढते आणि दोन ते पाच दिवसांनी आपोआप ओसरते. ॲलर्जीची गोळी, स्टेरॉइड, अगदी ॲड्रेनलिनसुद्धा तिला आवरत नाही.

कारण इथे गुन्हेगार वेगळा आहे : ब्रॅडिकायनिन. रक्तातलं सी-वन इनहिबिटर हे प्रथिन त्याच्या निर्मितीला लगाम घालतं. ते कमी असलं किंवा निकामी असलं की ब्रॅडिकायनिन वाढतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि ऊतींत पाणी साचतं. आतड्याला सूज आली तर पोटात असह्य कळा येतात. अपेंडिक्स समजून कित्येकांची विनाकारण शस्त्रक्रिया झाली आहे. घशाला आली तर श्वास कोंडतो. तेव्हा घरी थांबू नये, तडक नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं.

रक्तदाबावरच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या ब्रॅडिकायनिनचं विघटन अडवतात. म्हणून या रुग्णांना त्या वर्ज्य आहेत. इतरांनाही त्यांच्यामुळे क्वचित ओठ-जीभ सुजते. सूज आली तर खिशातली गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवाच.

विल्यम ऑस्लर यांनी 1888 मध्ये एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत ही सूज नोंदवली. नेमकं कारण सापडायला 1963 उजाडलं. डोनाल्डसन आणि इव्हान्स यांनी सी-वन इनहिबिटरची उणीव दाखवली. साधारण 50 हजारांत एकाला हा आजार असतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था भारतीय कुटुंबांतल्या जनुकबदलांवर काम करते. निदानाची सुरुवात मात्र साध्या रक्ततपासणीने होते : सी-फोर या प्रथिनाचं प्रमाण. बहुतेक रुग्णांत ते दोन झटक्यांच्या मधल्या काळातही कमी असतं. त्यानंतर सी-वन इनहिबिटरचं प्रमाण आणि त्याचं कार्य, दोन्ही तपासतात.

झटक्यात सी-वन इनहिबिटर किंवा इकॅटिबंटचं इंजेक्शन देतात. ती महाग, नाहीच मिळाली तर रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा वापरतात. झटके टाळण्यासाठी आपल्याकडे डॅनाझॉल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालतं. यकृतातलं एक जनुक एकाच सलाइनमधून बंद करण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. झटके खूप कमी झाले. मला त्यातून मोठी आशा वाटते.

आजार आई किंवा वडील, कुणाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. आपल्याकडे वंशावळ सांगताना आजोळ गळून जातं. डॉक्टरांना सांगताना मामा, मावशी, आईची आई, सगळे मोजा. ‘काहीतरी चावलं, घसा सुजला आणि गेली’ असं घरात कुणाबद्दल बोललं जात असेल, तर तेही सांगा.