आरओ घेण्याआधी पाणी तपासा
म्हैसूर शहरात नळाला मुख्यतः कावेरी आणि कबिनीचे पाणी येते. तुमच्याकडे तेच येत असेल, तर आरओ घेण्याआधी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून घ्या. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असल्यास आरओ सहसा लागत नाही. जंतूंसाठी यूव्ही फिल्टर किंवा उकळणे पुरते. मात्र गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधीचा गाळ अडवणारा फिल्टर वेळेवर बदला.

बोअरवेलचे पाणी असेल तर फ्लोराइडही तपासावे लागते. ते टीडीएस मीटरवर कळत नाही. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. गावात राहत असाल, तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.