फळ्यावरचा जुना भाव



दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. बँकेत कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता आणि सोबत सहा महिन्यांचा हिशेब जोडायचा होता. आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना संगणक आहे, विंडोज ७ चा. हिशेब आम्ही ‘लिबर ऑफिस’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. ते बिघडलं, पुन्हा टाकायची वेळ आली. एका प्रशिक्षण संस्थेच्या वेबसाइटवर मराठीत माहिती सापडली : ‘नवीन आवृत्ती उतरवून घ्या, विंडोज ७ वर चालते.’ आम्ही उतरवली. दिवसभराचा नेटपॅक त्यात गेला आणि ती काही चालेना. शेवटी सचिवताईंनी रात्रभर बसून सगळा हिशेब हातानं लिहून काढला.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये लिबर ऑफिसची २५.८ ही आवृत्ती आली, ती विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. तसं त्यांनी जाहीरही केलं होतं. आम्ही वाचलेलं पान लिहिलं तेव्हा खरंच होतं, पण नंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. दुकानाच्या फळ्यावर मागच्या महिन्याचा भाव तसाच राहावा, तसं झालं.

म्हणून आज बोलू या सॉफ्टवेअरच्या वेबसाइटबद्दल. ती ताजी ठेवणं म्हणजे नेमकं काय काम असतं?

आधी लिबर ऑफिस काय आहे ते पाहू. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. मसाल्याची कृती कुणी लपवून ठेवली नाही, उलट सगळ्यांसमोर मांडली आणि सांगितलं की करा, सुधारा, वाटा, तसंच हे. २०१० मध्ये ‘ओपन ऑफिस’ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरपासून ते वेगळं झालं. ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही जर्मनीतली संस्था त्याचा सांभाळ करते आणि जगभरातले स्वयंसेवक त्यात भर घालतात. ते मराठीतही वापरता येतं, कारण कुणीतरी बसून त्यातले शब्द मराठीत केले आहेत.

असं सॉफ्टवेअर बहुतेक लोक दुकानातून आणत नाहीत. वेबसाइट हेच त्याचं दुकान, तीच पाटी आणि मदतीची खिडकीही तीच. पाटी चुकली की माल कितीही चांगला असो, माणूस चुकतो.

लिबर ऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आकड्यावरूनच ते कळतं. २५.८ म्हणजे २०२५ सालचा आठवा महिना. मधल्या काळात लहान दुरुस्त्या येत राहतात. दर वेळी वेबसाइटवर कितीतरी ठिकाणी हात फिरवावा लागतो. उतरवून घ्यायच्या पानावर नवा आकडा घालायचा. काय बदललं ते लिहायचं. कोणत्या संगणकावर चालेल, कोणत्या नाही, ते सांगायचं. मदतीची पानं नव्या आवृत्तीशी जुळवायची. प्रत्येक फाइलसोबत पडताळणीचा एक लांबलचक आकडा देतात, तोही बदलायचा. गॅस सिलिंडरचं सील आपण पाहून घेतो ना, तसा हा आकडा. तो जुळला तर फाइल वाटेत बदललेली नाही.

यातलं एकही काम राहिलं तर कुणाचा तरी आमच्यासारखा दिवस जातो. पण त्याहून मोठं नुकसान सुरक्षेचं आहे. ओपन सोर्समध्ये दुरुस्ती उघडपणे होते. भोक कुठं होतं आणि ते कसं बुजवलं, हे सगळ्यांना दिसतं. म्हणजे चोरालाही दिसतं. मग ज्याच्याकडे जुनी आवृत्ती राहिली, त्याच्या घराचं भोक चोराला आधीच ठाऊक. आपल्या हिशेबाच्या फाइलमध्ये सभासदांची नावं, खातेक्रमांक, कर्जाच्या रकमा असतात. जुनं पान माणसाला जुन्या आवृत्तीकडे पाठवत असेल, तर ते त्याला कुलूप नसलेल्या घरात पाठवतं.

मग पानं जुनी का राहतात? कारण आपल्या गटातही आहे तेच. नवीन उद्योग सुरू करताना सगळ्या पुढे असतात, नोंदवही रोज भरायला कुणी तयार नसतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही नवं काही घडवण्यात रस असतो. पान पुसून पुन्हा लिहिणं हे ‘सगळ्यांचं काम’ ठरतं, म्हणजे कुणाचंच नाही.

उपाय साधे आहेत. एक, प्रत्येक पानाला एक जबाबदार माणूस हवा. दोन, पान शेवटचं कधी तपासलं, ती तारीख पानावरच हवी. तीन, आवृत्तीचा आकडा एकाच ठिकाणी लिहावा आणि बाकीच्या पानांनी तो तिथूनच उचलावा, म्हणजे दहा जागी बदलताना एक जागा राहून जात नाही. चार, नवीन आवृत्तीच्या दिवसासाठी कामांची यादी हवी. आपण बैठकीआधी करतो तशी, एकेका कामावर खूण करत जायची. पाच, पानाचा पत्ता बदलला तर जुना पत्ता तोडू नये. दुकान हलवलं की आपण जुन्या दारावर पाटी लावतो, तसं जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पोचवावं. सहा, इंग्रजी पान बदललं की मराठी आणि इतर भाषांतल्या पानांचीही आठवण ठेवावी. भाषांतर मागं पडलं तर सर्वात आधी फसते ती इंग्रजी न वाचणारी बाई.

यातल्या बहुतेक कामांना प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. लक्षपूर्वक वाचणं आणि साध्या भाषेत लिहिणं पुरतं. आपल्या शिकलेल्या मुली हे करू शकतात. तुटलेली लिंक दिसली तर कळवणं, मराठीत अडखळणारं वाक्य सुधारून देणं, हीसुद्धा मदतच.

आणि आपण वापरणाऱ्यांनी काय करावं? सॉफ्टवेअर मूळ वेबसाइटवरूनच घ्यावं. दुसरीकडे वाचलेल्या माहितीची तारीख आधी पाहावी. तारीखच नसेल तर मूळ वेबसाइटवर ‘कोणत्या संगणकावर चालेल’ ते पान उघडून खात्री करावी. मगच नेटपॅक खर्च करावा.

आमच्या त्या जुन्या संगणकावर आता आम्ही लिनक्स टाकून घेतलं आहे, तेही फुकट आणि ओपन सोर्सच. त्यावर नवं लिबर ऑफिस चालतं. आणि त्या प्रशिक्षण संस्थेला आम्ही पत्र लिहिलं, रागानं नाही, नेमकी ओळ दाखवून. चार दिवसांत पान दुरुस्त झालं. खाली तारीखही आली.

जाता जाता एक विचारतो. तुमच्या ग्रामसंघाच्या भिंतीवरच्या फलकावर व्याजाचा दर कोणता लिहिला आहे? आणि तो शेवटचा कधी तपासला? उद्याच्या बैठकीत एकदा पाहून घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.