ट्रकचं इंजिन बोटीत बसवताय? आधी धुराच्या पाइपचं बघा

करंजा : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली आणि इंजिनांची कामं निघालेली, असं चित्र दरवर्षी करंजा बंदरात दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच बोटींत ट्रकच्याच जातीचं डिझेल इंजिन असतं. काही जण खर्च वाचवायला जुन्या ट्रकचं उतरवलेलं इंजिन घेतात आणि त्याला बोटीचा गिअर जोडतात. इंजिन, गिअर, पंखा यांचा हिशोब आधी होतो. धुराचा पाइप मात्र शेवटी. ‘वेल्डर येईल, जोडून देईल,’ असं म्हणून तो विषय संपतो.

आपण त्याला नुसतं सायलेन्सर म्हणतो, म्हणून वाटतं की त्याचं काम आवाज कमी करणं एवढंच. खरं काम वेगळं आहे. इंजिनाची आग आणि विषारी धूर, माणसं झोपतात त्या जागेपासून लांब नेणं, हे ते काम.

ट्रकमध्ये आणि बोटीत फरक काय?

ट्रकचा पाइप चेसिसखालून मागे जातो. गाडी पळते तसा त्याला वारा लागतो. बोटीत इंजिन फळीखाली बंद खोलीत असतं. पाइप वर वळवून, लाकडातून काढून, केबिनच्या बाजूने न्यावा लागतो. म्हणून ट्रकचा पाइप तसाच कापून बसवला तर चालत नाही.

भरल्या लोडवर डिझेल इंजिनाचा धूर ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापतो. आणि डिझेल गरम पत्र्यावर उडालं तर साधारण २०० ते २५० अंशांना ठिणगीशिवायही पेटू शकतं. म्हणजे डिझेलची नळी फुटून फवारा पाइपवर गेला की आग लागायला काडीची गरज नाही. मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमच आहे की २२० अंशांच्या वर तापणारा आणि ज्यावर तेल उडू शकतं असा भाग झाकलेला पाहिजे. आपल्या बोटीला नियम लागू असो वा नसो, आग तीच.

पाइप बनवताना

१) पाइपचं माप : इंजिनाच्या तोंडापेक्षा पाइप बारीक नको. ४ इंची तोंडाला ३ इंची पाइप जोडला तर धुराची वाट ५६ टक्क्यांवर येते. मग धूर अडतो, इंजिन तापतं, काळा धूर येतो, ताकद कमी होते आणि डिझेल जास्त जातं. पाइप लांब असेल, बेंड जास्त असतील तर एक माप मोठाच घ्या. बेंड काटकोनात कापून जोडू नका, गोल वळणाचा तयार बेंड लावा.

२) पाइपचं लोखंड : कळंबोलीच्या लोखंड बाजारात हव्या त्या जाडीचा पाइप मिळतो. नळाचा जस्त चढवलेला पाइप मात्र घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. खारी हवा असल्याने परवडत असेल तर स्टेनलेस स्टील घ्या.

३) लवचीक तुकडा : इंजिन हलतं, पाइप तापून लांबतो. ३ मीटरचा लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळपास १४ मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर जोड तडकणारच. म्हणून इंजिनाजवळ बेलो म्हणजे लवचीक तुकडा टाका. पाइपचं वजन बोटीच्या सांगाड्याला टांगा. टर्बो असेल तर त्यावर वजन अजिबात देऊ नका.

४) लाकडाशी अंतर : पाइप जिथे फळीतून वर जातो तिथे आधी मोठ्या मापाची लोखंडी नळी बसवा आणि मधल्या पोकळीत सिरॅमिक किंवा काचेची लोकर भरा. पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिचे तंतू फुप्फुसात बसतात, ती आता नको. डिझेलची नळी आणि वायर पाइपपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

५) पाणी : पाइपचं तोंड केबिनच्या छपरापेक्षा उंच आणि मागच्या बाजूला ठेवा, वर उघडझाप करणारी टोपी लावा. सगळ्यात खालच्या जागी छोटा बोल्ट ठेवला तर साचलेलं पाणी काढता येतं. पावसाचं पाणी उलटं इंजिनात उतरलं तर नवीन इंजिनही बाद होतं.

धूर दिसत नाही तेव्हा

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेत असेल तर त्याला कळतही नाही. मी शेतकरी माणूस. एकदा पावसात पंपाचं डिझेल इंजिन खोलीत घेतलं आणि धुराचा पाइप भिंतीबाहेर काढायचा आळस केला. अर्ध्या तासात डोकं गच्च झालं, उलटीसारखं वाटलं. बाहेर आलो म्हणून ठीक. माझ्या खोलीला दार होतं. समुद्रात केबिनमध्ये झोपलेल्या खलाशाने कुठे जायचं? शिवाय २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला आहे.

पाण्यात सोडण्याआधी

इंजिन थंड असताना सुरू करा आणि लगेच प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. पाइप तापल्यावर हे करू नका. मग बोट धक्क्याला बांधून तासभर लोडवर चालवा. पाइपशेजारच्या लाकडावर हात टिकत नसेल तर अंतर कमी पडतंय. दोन-तीन फेऱ्यांनंतर जोडाभोवती काजळी दिसली तर गॅस्केट बदला.

इंजिन बदललं की नवा नंबर आणि हॉर्सपॉवर मत्स्यव्यवसाय विभागाच्या नोंदीत आणि विम्याच्या कागदावर चढवून घ्या. रस्त्यावरच्या ट्रकचं इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर एक आणि गाडीत दुसरं असं चालत नाही, आधी आरटीओची परवानगी लागते. सायलेन्सर तर ट्रॅक्टरलाही सक्तीचा आहे.

१ ऑगस्टला सगळ्यांनाच घाई असते. पाइपचं काम त्या आठवड्यावर ठेवू नका. वेल्डरला आत्ताच बोलवा आणि तो काम करताना नाखवाने स्वतः शेजारी उभं राहावं.