शेतकरी बाजार भरला, पण ताटातली भाजी वाढली का?

सार्वजनिक आरोग्य, पोषण किंवा कृषी अर्थशास्त्र यातल्या पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक विषय वारंवार ऐकू येतो : "शेतकरी बाजाराचा लोकांच्या आहारावर होणारा परिणाम." विषय चांगला आहे. आपल्या मातीतला आहे, धोरणाशी जोडलेला आहे आणि माहिती गोळा करायला फार लांब जावं लागत नाही. पण समितीने "परिणाम म्हणजे नेमकं काय मोजणार?" असं विचारलं की बरेच उमेदवार अडखळतात. या लेखात हाच एक विषय घेऊन प्रश्नापासून आराखड्यापर्यंत जाऊया. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या बहुतेक याच राहतील.

आधी पार्श्वभूमी

शेतकऱ्याने दलालाशिवाय थेट गिऱ्हाइकाला माल विकायचा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पंजाब-चंडीगडमध्ये १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात 'रयतु बाजार' आले आणि त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईपासून 'उळवर संदै' सुरू झाले. महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेर काढला गेला आणि पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान हाती घेतलं. आज पुण्या-मुंबईत हे बाजार ठरलेल्या वारी भरतात. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या तिथे माल आणतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. या सगळ्या योजनांचा मूळ हेतू शेतकऱ्याला बरा दर आणि ग्राहकाला रास्त भाव हा होता. 'लोकांचा आहार सुधारेल' हे त्याला नंतर जोडलं गेलेलं आश्वासन आहे. अशी जोडलेली आश्वासनं तपासणं हे संशोधकाचं काम, कारण त्यांवर पुढे जागा आणि पैसा ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात भाजी कुणापर्यंत पोचते हा प्रश्न नुसत्या प्रबंधापुरता राहत नाही.

प्रश्नाचे तुकडे करा

'बाजार भरला' आणि 'तब्येत सुधारली' यांच्यात बऱ्याच कड्या आहेत. बाजार भरला, माणूस तिथे गेला, त्याने भाजी घेतली, ती घरी शिजली, ज्याला गरज आहे त्याच्या ताटात आली, आणि मग शरीरात काही फरक पडला. प्रत्येक कडीवर गळती होते.

सगळ्यात दुर्लक्षित गळती घराच्या आत आहे. घरात दोन जुड्या मेथी आली म्हणजे ती सगळ्यांनी सारखी खाल्ली असं होत नाही. अनेक घरांत बाई शेवटी जेवते आणि भाजी तोवर संपलेली असते. म्हणून 'कुटुंबाने किती भाजी विकत घेतली' आणि 'त्या घरातल्या बाईने किती खाल्ली' ही दोन वेगळी चलं आहेत. प्रश्न रक्तक्षयाचा असेल तर पहिलं मोजून दुसऱ्याबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही.

शेवटची कडीही जपून धरा. 'ताजी भाजी म्हणजे जास्त पौष्टिक' हे काही घटकांपुरतंच खरं. पालेभाजी तोडून उष्ण हवेत ठेवली की तिच्यातलं क जीवनसत्त्व वेगाने घटतं, पण लोह, कॅल्शियम आणि तंतू तसे उडून जात नाहीत. शिवाय पालेभाजीतलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं. तेव्हा सहा महिन्यांच्या अभ्यासात हिमोग्लोबिन हा मुख्य निष्पत्ती-घटक ठेवला तर बहुधा हाती काही लागणार नाही, आणि त्याचा अर्थ 'बाजार निरुपयोगी' असाही होणार नाही. त्यापेक्षा मधली कडी, म्हणजे रोजच्या आहारातली भाजी-फळं, मोजणं जास्त शहाणपणाचं.

पोहोच म्हणजे नुसतं अंतर नाही

१९८१ साली पेंचान्स्की आणि थॉमस यांनी आरोग्यसेवेच्या संदर्भात 'पोहोच' या शब्दाचे पाच भाग केले. पुढे अन्नाच्या अभ्यासातही ते वापरले गेले : उपलब्धता, अंतर, परवडणं, सोय आणि स्वीकार. आपल्या बाजाराला ते लावून बघा.

बाजार वस्तीपासून दहा मिनिटांवर आहे, भाजी भरपूर आहे, भावही मंडईपेक्षा कमी आहे. पण तो आठवड्यातून एकदाच भरतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईच्या हातात पैसे रोज संध्याकाळी येतात आणि घरात फ्रीज नसेल तर पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते. तिला पाव किलोची खरेदी रोज करायची असते, आठवड्याची एकदम नाही. दाराशी येणारा हातगाडीवाला महाग असला तरी उधार देतो आणि दहा रुपयांचा वाटाही देतो. म्हणजे अंतर आणि भाव जुळले, सोय जुळली नाही. नकाशावर बाजाराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढून 'एवढ्या लोकांना पोहोच मिळाली' असं लिहिणाऱ्या अभ्यासात हे दिसतच नाही.

नुसती पोहोच वाढवून किती फरक पडतो, यावर अमेरिकेत बरंच काम झालं आहे. ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये दाखवलं की श्रीमंत कुटुंबांना मिळतात त्याच वस्तू त्याच भावात गरीब कुटुंबांना मिळाल्या, तरी पोषणातली विषमता साधारण १० टक्क्यांनीच घटते. फिलाडेल्फियात नवं सुपरमार्केट उघडल्यावर कमिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हेच पाहिलं : आपल्या भागात अन्न सहज मिळतं असं लोकांना जास्त वाटू लागलं, पण भाजी-फळं खाण्यात ठळक वाढ दिसली नाही. हे आकडे तिथले आहेत, इथे जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे भाजीवाला गल्लीत येतो, तिथे तसं नाही. पण 'दुकान उघडलं की खाणं बदलतं' हे गृहीत धरू नये, एवढं त्यांतून नक्की घ्या.

एक अभ्यास नीट वाचूया

हर्मन आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा अभ्यास 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये आला. लॉस एंजेलिसमधल्या, सरकारी पोषण योजनेत असलेल्या कमी उत्पन्नाच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया त्यात होत्या. योजनेची तीन केंद्रं घेतली. एका केंद्रातल्या स्त्रियांना शेतकरी बाजारात चालणारी आठवड्याला १० डॉलरची कूपनं मिळाली, दुसऱ्या केंद्रात तेवढ्याच रकमेची सुपरमार्केटची कूपनं आणि तिसऱ्यात अन्नाशी संबंध नसलेलं छोटंसं बक्षीस. हे सहा महिने चाललं.

नियंत्रण गटाच्या तुलनेत, शेतकरी बाजाराच्या गटात दर १००० किलोकॅलरीमागे भाजी-फळांचे १.४ भाग वाढले, पी-मूल्य ०.००१ हून कमी. सुपरमार्केटच्या गटात ०.८ भाग वाढले, पी-मूल्य ०.०२. कूपनं बंद झाल्यावर सहा महिन्यांनीही वाढ टिकून होती.

आता मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न विचारूया.

पहिला : शेतकरी बाजार सुपरमार्केटपेक्षा सरस ठरला का? घाई करू नका. दोन्ही गटांची तुलना नियंत्रण गटाशी झाली आहे. एकाचं पी-मूल्य दुसऱ्यापेक्षा लहान आहे यावरून त्या दोघांत फरक आहे हे सिद्ध होत नाही, त्यासाठी १.४ आणि ०.८ यांच्यातला फरक थेट तपासावा लागतो. ही चूक छापील शोधनिबंधांतही सर्रास आढळते.

दुसरा : एकक काय आहे? 'दर १००० किलोकॅलरीमागे' हे गुणोत्तर आहे. भाजी तेवढीच राहून एकूण खाणं कमी झालं तरी ते वाढतं. म्हणून तक्ता वाचताना अंशाइतकंच छेदाकडेही लक्ष द्या.

तिसरा : वाटप कशाचं झालं? स्त्रियांचं नाही, केंद्रांचं. आणि प्रत्येक प्रकाराला एकच केंद्र आलं. म्हणजे दिसलेला फरक कूपनाचा किती आणि त्या केंद्राच्या परिसराचा किती, हे पूर्ण वेगळं करता येत नाही.

चौथा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : इथे काम बाजाराने केलं की पैशाने? कूपनं होती, म्हणजे खरेदीची ताकद वाढली होती. याच मुद्द्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये मोठा प्रयोग झाला. सरकारी अन्नमदत घेणाऱ्या सुमारे ५५,००० कुटुंबांतून ७,५०० कुटुंबं यादृच्छिक पद्धतीने निवडली आणि त्यांनी ठरावीक भाजी-फळांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे ३० सेंट परत दिले. त्यांचं त्या भाजी-फळांचं सेवन इतरांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. प्रत्यक्षात ही वाढ दिवसाला पाव कपाच्या आसपास होती. टक्का मोठा आणि वाढ लहान, दोन्ही खरं. लिहिताना दोन्ही द्या.

आपल्या बाजारात हेच कसं कराल?

सगळ्यात सोपा मोह म्हणजे बाजारात उभं राहून गिऱ्हाइकांना प्रश्नावली देणं. त्यात 'शेतकरी बाजारात येणारे जास्त भाजी खातात' हे नक्की सापडेल, कारण ज्यांना भाजी आवडते तेच तिथे येतात. हा सिलेक्शन बायस. मोह क्रमांक दोन, बाजार सुरू होण्याआधी आणि नंतर मोजणं. बाजार पावसाळ्यानंतर सुरू झाला तर हिवाळ्यात पालेभाजी तशीही स्वस्त होते आणि सगळ्यांचंच खाणं वाढतं.

म्हणून तुलनेची वस्ती हवी. समजा, बाजार सुरू झालेल्या वस्तीत सरासरी भाजी दिवसाला १८० ग्रॅमवरून २३० झाली. वाढ ५० ग्रॅम. बाजार नसलेल्या तशाच वस्तीत त्याच काळात १७५ वरून २१० झाली, म्हणजे ३५. मग बाजाराच्या नावावर ५० नाही, ५० वजा ३५, म्हणजे १५ ग्रॅमच जातात. हा फरकांमधला फरक. अट एकच : बाजार नसता तर दोन्ही वस्त्या सारख्याच चालीने बदलल्या असत्या. ते तपासायला बाजार सुरू होण्याआधी किमान दोन फेऱ्या मोजा.

एक-एक वस्ती पुरणार नाही, हे वर पाहिलंच. वस्त्या वाढवल्या तरी एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून नमुना दिसतो त्यापेक्षा लहान असतो. समजा २० वस्त्या, प्रत्येकी ३० स्त्रिया, एकूण ६००, आणि वस्तीअंतर्गत साम्याचा गुणांक ०.०५. मग डिझाइन इफेक्ट १ + २९ × ०.०५, म्हणजे २.४५. तुमच्या ६०० स्त्रिया साधारण २४५ स्वतंत्र स्त्रियांइतकीच माहिती देतात. नमुन्याचं गणित करताना हे धरलं नाही, तर पहिल्याच सादरीकरणात समिती तिथे बोट ठेवते.

आणि मोजमाप. चोवीस तासांच्या आठवणीवर आधारित पद्धत वापरणार असाल तर चार गोष्टी पाळा. बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या मुलाखती घेऊ नका, आठवड्याच्या सातही दिवसांवर विखरा. नाहीतर मंगळवारच्या बाजाराची भाजी बुधवारी सगळ्यांच्या ताटात दिसेल. प्रमाणित वाट्या सोबत ठेवा, 'एक वाटी' म्हणजे प्रत्येक घरात वेगळं माप असतं. मेथीची जुडी तोलताना देठं वगळा आणि कच्चं वजन की शिजलेलं हे एकदा ठरवून टाका. आणि 'भाजी खाता का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळे 'हो' असंच देतात. "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत, ताई?" असं विचारा आणि भाजीचं नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या.

सरासरीच्या पलीकडे

शेवटचा मुद्दा बहुतेक आराखड्यांत नसतो. समजा बाजार सोसायटीच्या मैदानात भरला आणि सोसायटीतल्या लोकांची भाजी ६० ग्रॅमने वाढली, शेजारच्या वस्तीतल्या लोकांची शून्याने. दोन्हींची लोकसंख्या सारखी असेल तर सरासरी वाढ ३० ग्रॅम. अहवालात 'आहार सुधारला' असं येईल आणि पुढचा बाजारही सोसायटीच्याच मैदानात भरेल. प्रत्यक्षात ज्यांना आधीच बरं मिळत होतं त्यांना आणखी मिळालं आणि दरी रुंदावली. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ सालची मार्गदर्शक तत्त्वं २००० किलोकॅलरीच्या आहारात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवतात. त्या आकड्यापासून कोण किती लांब आहे, हे गटवार दाखवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. आणि हे उपगट माहिती गोळा करण्याआधी ठरवा. नंतर शोधत बसलात तर कुठे ना कुठे काहीतरी सापडतंच.

सरावासाठी एक काम. तुमच्या जवळचा एक आठवडे बाजार निवडा आणि एका पानावर तीन गोष्टी लिहा : कड्यांपैकी नेमकी कोणती मोजणार, तुलना कोणाशी करणार, आणि बाजाराचा वार, वेळ किंवा जागा बदलली तर तुमचं उत्तर बदलेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर तुमच्या प्रबंधाचा विषय बहुधा तोच आहे.