'कल्पना नव्हती' म्हणणाऱ्यांसाठी

'कल्पना' हा शब्द मराठीत दोन कामे करतो. कवी कल्पना करतो, तेव्हा नसलेले डोळ्यांपुढे उभे करतो. रोजच्या बोलण्यात मात्र 'घरी कल्पना देऊन ये', 'पूर्वकल्पना होती का?' असे आपण म्हणतो. इथे कल्पना म्हणजे माहिती, जाणीव. म्हणूनच 'मला कल्पना नव्हती' हे अंग झटकण्याचे सर्वात सोपे वाक्य झाले आहे.

अॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी हमखास सांगतो, 'फिर्यादीच्या जातीची मला कल्पना नव्हती.' ज्या गावात बौद्धवाडा कोणत्या दिशेला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तिथे हे अज्ञान आले कुठून?

१९८९ च्या कायद्यातील २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिने ही पळवाट अडवली. पीडित किंवा त्याचे कुटुंब आरोपीच्या वैयक्तिक ओळखीचे असेल, तर त्याला जात माहीत होती असेच न्यायालय कलम ८ नुसार गृहीत धरते. माहीत नव्हती, हे आरोपीने सिद्ध करायचे.

पण ओळख होती, हे आधी आपणच दाखवले पाहिजे. म्हणून फिर्यादीत शेजार, शेताचा बांध, मजुरी, एकत्र शाळा, जुना व्यवहार हे सारे लिहवून घ्या. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ऐकल्याशिवाय सही करू नका. आपल्या हक्काची आपल्यालाच कल्पना नसेल, तर त्यांची 'कल्पना नव्हती' खरी ठरेल.

जय भीम!