फडताळातली अर्धी बाटली

शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे काही आता कुणाला सांगायला नको. 2011 मध्ये युको बँकेनं तिथे बिनकुलपाची शाखा काढली, त्याचीही देशभर बातमी झाली. अशा बिनदाराच्या घरात फडताळही उघडंच. तेलाची बुधली, काड्यापेटी, आणि त्यांच्या मागे तळाशी साका धरलेली औषधाची अर्धी बाटली. तिला कुणी हात लावत नाही. दुखणं नेमकं तेच आहे.

लेकराचा घसा धरला की पहिला आळ येतो रसवंतीवर. घोडेगावहून शिंगणापूरकडे वळलं की रस्त्याच्या कडेला लाकडी चरख्याभोवती बैल फिरत असतात. बर्फ घातलेला रस प्यायला म्हणून घसा बसला, असा आपला हिशेब. गारव्यानं जंतू जन्माला येत नाहीत. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात. नाक वाहतं, खोकला येतो, आवाज बसतो, आणि चार दिवसांत सगळं आपसूक ओसरतं. त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. घसा दुखणाऱ्या दहा मुलांतल्या साधारण दोन-तीन मुलांच्या घशात मात्र स्ट्रेप्टोकोकस असतो. एकदम ताप, गिळताना कळ, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, कधी पोटदुखी आणि उलटी. खोकला मात्र नाही. पाच ते पंधरा वर्षांची मुलं याच्या तावडीत जास्त सापडतात. खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून तो पसरतो, म्हणून वर्गात एकाला झाला की शेजारच्या बाकावर जातो.

हा घसाही बहुधा औषधाशिवाय बरा होतो, आणि फसगत तिथेच होते. या जंतूशी लढायला शरीर जी हत्यारं काढतं, ती काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. हा संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीव्हर. सांधे पुढे बरे होतात, पण झडप कायमची अधू होऊ शकते. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर घसा धरलेल्या सैनिकांना पेनिसिलिनची इंजेक्शनं देऊन हा ताप टाळता येतो, हे 1950 मध्ये जगापुढे आलं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा बचाव होतो. तेव्हा औषध घशाला द्यायचं, पण राखायचं असतं हृदय.

पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. शिंगणापूरकराला हे समजावणं सोपं आहे: दाराशिवाय घर चालतं, भिंतीशिवाय नाही. आमच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात 1955 पासून ते तयार होऊ लागलं, आणि इतक्या वर्षांत हा जंतू काही पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही. जंतूंच्या दुनियेत हे नवलच.

मग ते तोंडावाटे द्यायचं की सुईनं? खेड्यातल्या दवाखान्यात या प्रश्नाचं उत्तर पेशंटच घेऊन येतो. “डॉक्टर, सुई टोचा, गोळ्यांनी काय व्हतंय?” टोचतातही. पण बरेचदा ती ताप-दुखीची सुई असते, नाहीतर दिवसभरात विरून जाणारं एखादं अँटिबायोटिक. शास्त्राला अभिप्रेत असलेली सुई वेगळी, बेंझाथिन पेनिसिलिनची. कुपीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी घालून हलवली की दाट ताकासारखं दिसणारं औषध होतं. बारीक सुईत अडकतं, म्हणून जाड सुई लागते. सावकाश द्यावं लागतं, आणि पोर बोंब ठोकतं. 27 किलोपेक्षा कमी वजनाला 6 लाख युनिट, त्याहून अधिक असेल तर 12 लाख. एकच डोस स्नायूत बसून दहा दिवसांहून अधिक काळ थोडा थोडा झिरपत राहतो. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का ते आधी विचारायचं, टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं.

तोंडाचं औषधही जंतू तितकंच मारतं. ॲमॉक्सिसिलिन दिवसातून एकदा दिलं तरी चालतं, फक्त पुरे दहा दिवस. आणि इथेच माशी शिंकते. 1963 मध्ये अमेरिकेत 59 मुलांच्या घरच्या गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. तिसऱ्या दिवसापर्यंत निम्म्याहून जास्त मुलांचं औषध बंद, नवव्या दिवसापर्यंत शंभरात 82 जणांचं. ताप उतरला, पोर खेळायला लागलं, मग कडू औषध कोण पाजणार? आपल्याकडे त्यात भर म्हणजे पाणी घालून केलेली बाटली आठवडाभरातच वापरायची असते. ती संपली की आई म्हणते कोर्स झाला. दुसरी बाटली आणायला कुणी जात नाही.

म्हणून मला वाटतं, औषध निवडण्याआधी डॉक्टरांनी घर बघावं. सोनईच्या साखर कारखान्याला ऊस तोडणाऱ्या कुटुंबाची कोपी आज या फडात, आठवड्यानं दुसऱ्या गावात. त्या लेकराला सुईच बरी. ज्याला एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याला तर दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं हीच सुई लागते. बाकी घरी, जिथे आजी नेमानं चमचा भरून देणार आहे, तिथे रडारड कशाला? औषध सुरू झाल्यावर चोवीस तासांनी पोराकडून दुसऱ्याला लागण होत नाही, बरं वाटलं तर ते शाळेतही जाईल.

फक्त भिंतीवरच्या कालनिर्णयवर दहा चौकटींना फुल्या माराव्यात. शनिवारी सुरू केलेलं औषध पुढच्या शनिवारी संपत नाही. गावात दर्शनाची गर्दी असते, पाहुणे येतात, आणि रविवार-सोमवारचे डोस नेमके फडताळात राहतात.