पेरू की थांबू?

मृग लागला की बिदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात एकच घोर: तूर पेरू की थांबू? दहा जणांना विचारून मन अधिकच गोंधळते. पाऊस पुढे उघडेल का, हे कुणाच्या हाती नाही. हाती आहे तेवढे तपासावे. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. पाच-सहा दिवसांत ७५ अंकुरले तर बी चांगले. रानात वीतभर ओल गेली की वाफशावर पेरावे. ही खूण आधीच ठरवून घरी सांगावी, म्हणजे रोज नव्याने काथ्याकूट होत नाही. काळजीने दोन आठवडे झोप-जेवण तुटले तर मात्र लाजू नये. डॉक्टरांना दाखवावे किंवा १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर बोलावे. पैसे पडत नाहीत.